हुजूर पक्षाची कुळे

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर आपल्यापैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, इंग्लंडमधील शेतकरी आपल्या पक्षावर रुसला, त्याचे आपल्याला काय? प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती; आणि ज्याच्याविषयी मी बोलणार आहे त्याच्या ताब्यात शेकडो एकर असतात. तो आपला सोयरा नव्हे. परंतु मताचा हक्क कागदावर मिळाल्यानंतर ते मत प्रत्यक्षात कोणाच्या मालकीचे होते, हा प्रश्न आपणा सर्वांचा आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या शेतकऱ्याच्या इतिहासात जितके उघडपणे लिहिलेले सापडते तितके फार थोड्या ठिकाणी सापडते. मी कायद्याचा विद्यार्थी आहे. म्हणून ही हकीकत मी बव्हंशी कायद्यांच्या आधारेच सांगणार आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. इंग्लंडमधील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपल्या मराठी वृत्तपत्रांनी 'हुजूर पक्ष' असे नाव दिले आणि ते रूढ झाले. भाषांतर म्हणून ते चुकीचे आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे जुने जपणारा. तथापि ज्या कोणा उपसंपादकाला 'मजूर पक्षा'शी यमक जुळवताना हा शब्द सुचला, त्याने शब्दार्थ सोडून वस्तुस्थिती पकडली, असे मला नेहमी वाटत आले आहे. जमीनदार हा हुजूर, शेतकरी हे त्याचे कूळ आणि पक्ष म्हणजे त्या नात्याचीच पार्लमेंटमधील आवृत्ती, अशी कित्येक पिढ्यांची स्थिती होती.

आता अलीकडे काय घडले ते पाहू. इंग्लंडच्या पूर्वेकडे नॉर्फक नावाची कौंटी आहे. गहू, सातू आणि बीट पिकविणारा हा सुपीक, सपाट मुलूख. तेथील नैर्ऋत्य नॉर्फक मतदारसंघातून २०१९ साली श्रीमती लिझ ट्रस या हुजूर पक्षाच्या उमेदवार २६,००० हून अधिक मताधिक्याने निवडून आल्या होत्या. ४ जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याच जागी त्या ६३० मतांनी पडल्या. मध्यंतरी २०२२ साली त्या काही आठवडे पंतप्रधान होत्या आणि त्या अल्पकाळातील अर्थनीतीचा राग लोकांच्या मनात होताच. शिवाय उजव्या बाजूची मते फुटली. परंतु त्या २०१४ ते २०१६ या काळात शेतीखात्याच्या मंत्री होत्या आणि २०१९ ते २०२१ या काळात परराष्ट्र व्यापारखात्याच्या, ही गोष्ट नॉर्फकचा शेतकरी विसरला नव्हता. ती का विसरला नव्हता, ते पुढे येईल.

हा एकच मतदारसंघ नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर श्रॉपशरच्या पोटनिवडणुकीत सुमारे २३,००० चे मताधिक्य धुऊन निघाले. जून २०२२ मध्ये डेव्हनमधील टिव्हर्टन व हॉनिटन येथे २४,००० हून अधिक मताधिक्याची तीच गत झाली. दोन्ही ठिकाणी लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार निवडून आले. या दोन्ही पोटनिवडणुका संबंधित सभासदांच्या गैरवर्तनामुळे ओढवल्या होत्या, हे सांगितले पाहिजे; सगळे श्रेय शेतीला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. आणि शेतकरी तेथे संख्येने इतके थोडे आहेत की केवळ त्यांच्या मतांनी कोणतीही जागा पडत नाही. पण खेड्यात शेतकरी ज्या बाजूला उभा राहतो त्या बाजूची ती जागा, अशी हुजूर पक्षाची समजूत होती. ती त्या दोन निवडणुकांत मोडली. २०२४ साली त्या पक्षाला सबंध देशात १२१ जागा मिळाल्या. पाच वर्षांपूर्वी त्या ३६५ होत्या.

ज्या माणसाचा आजा, बाप आणि तो स्वतः एकाच पक्षाला मत देत आले, तो माणूस एके दिवशी ते मत देईनासा होतो. वृत्तपत्रे याला 'भ्रमनिरास' म्हणतात. मला त्यात एक जुना प्रश्न दिसतो : हा भ्रम मुळात उत्पन्न कसा झाला?

त्यासाठी आपल्याला १८३२ सालापर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने मताधिकार वाढविणारा प्रसिद्ध सुधारणा कायदा केला. मूळ मसुद्यात कौंट्यांमधील मताधिकार मालकीहक्क असणाऱ्यांना आणि दीर्घ मुदतीच्या पट्टेदारांना देण्याची योजना होती. मार्क्विस ऑफ चँडॉस नावाच्या एका टोरी उमरावपुत्राने त्याला दुरुस्ती सुचविली. वर्षाला पन्नास पौंड खंड भरणाऱ्या, मर्जीवर ठेवलेल्या कुळालाही मत द्यावे, अशी ती दुरुस्ती होती. 'मर्जीवर ठेवलेले कूळ' ही इंग्रजी कायद्यातील एक पारिभाषिक संज्ञा आहे. ज्याला पट्टा नाही, मुदत नाही आणि जमीनदाराच्या मर्जीबरोबर ज्याची वहिवाट संपते, असे कूळ. प्रत्यक्षात ते बहुधा सालोसाल चालू राही. पण केवळ मर्जीने.

आता विचार करा. मताचा विस्तार करण्यास ज्या वर्गाचा विरोध होता त्याच वर्गातील एक मनुष्य अधिक लोकांना मत द्या असे म्हणतो, याचा अर्थ काय? अर्थ सरळ आहे. त्या काळी मतदान उघड असे. मतदाराने सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव उच्चारावयाचे, कारकुनाने ते वहीत उतरवून घ्यावयाचे आणि पुढे त्या वह्या छापून विकल्या जावयाच्या. जमीनदाराचा कारभारी ती वही विकत घेऊन आपल्या कुळांची नावे ताडून पाहू शकत असे. ज्याची वहिवाट मर्जीवर आणि ज्याचे मत उघड, त्याला दिलेले मत हे वास्तविक जमीनदाराला दिलेले अधिकचे मत होते. काही जहाल सभासदांनीही या दुरुस्तीला पाठिंबा दिला, कारण मतदार वाढतील एवढेच त्यांनी पाहिले. चँडॉसला लोक 'शेतकऱ्यांचा मित्र' म्हणू लागले. हा मित्र पुढे ड्यूक झाला आणि कर्जात इतका बुडाला की १८४८ साली त्याच्या वाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव करावा लागला. पण तो निराळा विषय आहे.

कोकणातील खोताच्या कुळांची हकीकत ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्यांना मर्जीवरची वहिवाट म्हणजे काय हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, ते याचसाठी. मर्जीवर जगणाऱ्याला स्वतःचे मत असणे परवडत नाही.

अशा रीतीने इंग्लंडच्या शेतकऱ्याची हुजूर पक्षावरील निष्ठा जन्माला आली. तिला पुढे परंपरा, देशाभिमान, धर्म, खेड्यातील शांत जीवन अशी नावे मिळाली, आणि ती नावे खोटी होती असे मी म्हणत नाही. चार पिढ्या एखादी गोष्ट केली की ती खरोखरच आवडू लागते. परंतु तिच्या बुडाशी खंडाची पावती होती.

या निष्ठेला पक्षाने काय दिले? धान्य कायदा दिला. १८१५ च्या कायद्याने गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे सुमारे २१८ किलोंना, ८० शिलिंगांच्या वर गेल्याखेरीज परदेशी गहू देशात विकण्यास बंदी होती. गहू महाग राहिला, खंड चढा राहिला आणि शहरातील मजुराची भाकरी महाग झाली. १८४१ साली हा कायदा सांभाळण्याच्या भरवशावर शेतकऱ्यांनी सर रॉबर्ट पील यांच्या पक्षाला बहुमत दिले. १८४६ साली याच पील यांनी तो कायदा रद्द केला. त्यांच्या पक्षातील सुमारे दोन तृतीयांश सभासद त्यांच्या विरुद्ध गेले, पक्ष फुटला, पील यांना राजीनामा द्यावा लागला. देशाच्या दृष्टीने पील यांचे पाऊल योग्यच होते, असे माझे मत आहे. आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला असता भाकरीवर जकात ठेवणे हे पाप होते. पण आपल्याला येथे पुढची गोष्ट पाहावयाची आहे. ज्यांनी पील यांना शेतकऱ्यांचा घातकी म्हणून पाडले, ते डर्बी आणि डिझरायली १८५२ साली सत्तेवर आले. त्यांनी धान्य कायदा परत आणला काय? नाही. त्याच वर्षी त्यांनी तो विषय सोडून दिला. आणि शेतकरी? शेतकरी त्यांच्याच मागे राहिला. जाणार कोठे?

हे 'जाणार कोठे?' ध्यानात ठेवावे.

१८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा झाला. कुळाचे मत प्रथमच कारभाऱ्याच्या वहीतून सुटले. योगायोग असा की, त्याच दशकात अमेरिकेचा स्वस्त गहू आगबोटींतून येऊ लागला. दशकाच्या आरंभी क्वार्टरला पन्नास शिलिंगांच्या वर असलेला गहू १८९४ साली तेवीस शिलिंगांच्याही खाली आला. शेतकरी बुडू लागला. त्याची त्या वेळची मुख्य तक्रार काय होती हे सांगितले म्हणजे आपल्याला त्याच्याविषयी सहानुभूती वाटेल. तो जमिनीत चर खणी, चुना टाकी, खत घाली. आणि जमीन सोडावी लागली की त्या सुधारणेची एक कवडीही त्याला मिळत नसे. त्याने सुधारलेल्या जमिनीचा वाढलेला खंड मालक दुसऱ्या कुळाकडून घेई. डिझरायली यांच्या हुजूर सरकारने १८७५ साली यावर एक कायदा केला. मोठा गाजावाजा झाला. कुळाला सुधारणांची भरपाई मिळालीच पाहिजे, असे त्यात म्हटले होते.

आम्हा वकिलांना एक सवय असते. कायदा हातात आला की आम्ही पहिली कलमे वाचत नाही, शेवटची वाचतो. कारण दिलेले परत घेण्याची जागा तेथे असते. या कायद्याची पळवाट अशी होती की जमीनदाराला आपल्या जमिनीपुरता हा कायदा लागू नाही असे कराराने किंवा नोटिशीने ठरविण्याची मोकळीक होती. बहुतेक जमीनदारांनी तशा नोटिशी लगेच पाठविल्या. कायदा पुस्तकात राहिला आणि कूळ होते तेथेच राहिले.

या वेळी मात्र शेतकऱ्याने काहीतरी निराळे केले. १८७९ साली 'फार्मर्स अलायन्स' नावाची संघटना निघाली. तिने कोणत्याही पक्षाचा बिल्ला लावला नाही. आमच्या मागण्या मान्य असतील तर मत, असे ती उमेदवारांना सांगू लागली. १८८० च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने कौंट्यांमधील कित्येक जागा गमावल्या आणि ग्लॅडस्टन यांचा उदारमतवादी पक्ष सत्तेवर आला. फळ काय मिळाले पाहा. त्याच वर्षी शेतातील ससे मारण्याचा हक्क कुळाला देणारा कायदा झाला. हसू नका. जमीनदाराच्या शिकारीसाठी राखलेले ससे कुळाचे पीक खात आणि कुळाने ससा मारला तर तो गुन्हा होई. या कायद्यात, हा हक्क कोणत्याही कराराने सोडून देता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले होते. आणि १८८३ साली भरपाईचा नवा कायदा आला. त्यात १८७५ ची पळवाट बंद केली होती. चाळीस वर्षांच्या निष्ठेने जे मिळाले नाही ते एका निवडणुकीतील डळमळीतपणाने तीन वर्षांत मिळाले.

परंतु शेतकऱ्याने हा धडा धरून ठेवला नाही. त्याचे कारण मला असे दिसते की, १८८४ साली कौंट्यांमधील शेतमजुरालाही मत मिळाले. जोसेफ आर्च हा कुंपणे छाटणारा मजूर. त्याने १८७२ साली शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली होती. १८८५ साली तो वायव्य नॉर्फकमधून पार्लमेंटवर निवडून आला. आपला गडी पार्लमेंटात जाऊन बसतो हे पाहिल्यावर शेतकऱ्याला हुजूर पुन्हा जवळचा वाटू लागला. वरच्याचा जाच सोसवतो, पण खालच्याची बरोबरी सोसवत नाही, हा रोग केवळ आपल्याच देशात आहे असे समजण्याचे कारण नाही.

पुढची साठ वर्षे मी भरभर सांगतो. पहिल्या महायुद्धात धान्य तुटले तेव्हा सरकारने गहू आणि ओट यांना किमान भावाची हमी दिली आणि त्याबरोबरच शेतमजुरांसाठी वेतनमंडळ नेमले. डिसेंबर १९२० च्या कायद्याने ही हमी कायम केली. चार वर्षांची आगाऊ सूचना दिल्याखेरीज ती काढून घेता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. भाव कोसळताच १९२१ साली, म्हणजे वर्षाच्या आतच, तो कायदा रद्द झाला. सरकार लॉइड जॉर्ज यांचे संमिश्र सरकार होते, पण त्याच्या पाठीशी असलेले बहुमत हुजूर पक्षाचे होते. इंग्लंडच्या खेड्यांत याला 'मोठा विश्वासघात' म्हणतात. शेतकऱ्याला त्या हंगामापुरती रोख भरपाई मिळाली. मजुराचे वेतनमंडळ त्याच कायद्याने गेले आणि त्याला काहीच मिळाले नाही. आठवड्याचे ४६ शिलिंग दोन वर्षांच्या आत तिसांच्याही खाली आले. १९२३ साली नॉर्फकच्या शेतमजुरांनी संप केला, तो यामुळे. वेतनाचे नियमन १९२४ साली पहिल्या मजूर सरकारने परत आणले.

भावाची कायम हमी देणारा १९४७ चा कायदाही मजूर सरकारचाच. तो आणणारे शेतीमंत्री टॉम विल्यम्स हे पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेले गृहस्थ होते. १९४८ साली कुळाला आयुष्यभराची वहिवाट मिळाली. १९७६ साली कुळाच्या पश्चात त्याच्या घरातील दोन पिढ्यांना ती चालविण्याचा हक्क मिळाला. दोन्ही वेळा मजूर सरकार होते. नव्या कुळांचा वारसाहक्क १९८४ साली काढून घेतला गेला आणि १९९५ साली 'कराराचे स्वातंत्र्य' या सुंदर नावाखाली नव्या कुळांची आयुष्यभराची वहिवाटही संपली. दोन्ही वेळा सरकार हुजूर पक्षाचे होते. आणि या सर्व काळात इंग्लंडचा शेतकरी मत कोणाला देत होता? हुजूर पक्षाला. खाणीतला माणूस त्याला भाव देऊन गेला, पण त्याच्याबरोबर एका टेबलाशी बसणे त्याला कधी जमले नाही.

१९७३ साली ब्रिटन युरोपीय समूहात गेले आणि शेतकऱ्याला युरोपकडून अनुदान मिळू लागले. हे अनुदान पुढे एकराच्या हिशोबाने झाले : ज्याच्याजवळ जमीन अधिक त्याला पैसा अधिक. त्यातील न्याय-अन्याय हा वेगळा प्रश्न. पण डोंगराळ भागातील मेंढपाळाचे घर त्याच पैशावर चालत होते. जून २०१६ च्या सार्वमतात पुष्कळ शेतकऱ्यांनी युरोपातून बाहेर पडण्यास मत दिले. ब्रसेल्सचे कागद भरून ते कंटाळले होते, आणि अनुदान बंद होणार नाही असे त्यांचेच पुढारी सांगत होते. २०१९ च्या जाहीरनाम्यात हुजूर पक्षाने दोन वचने दिली. शेतीसाठीची वार्षिक रक्कम पार्लमेंटच्या मुदतीत कायम ठेवू, हे एक. व्यापारी करार करताना अन्नाचा दर्जा, पर्यावरण आणि जनावरांची निगा यांविषयीच्या आपल्या कसोट्यांशी तडजोड करणार नाही, हे दुसरे.

पहिले वचन अक्षरशः पाळले गेले, आणि त्यातच त्याचा भंग झाला. इंग्लंडसाठी वर्षाला सुमारे २४० कोटी पौंडांची तरतूद राहिली. पण २०२० च्या कायद्यानुसार एकरावरचे अनुदान २०२१ पासून दरसाल कापले जाऊ लागले, आणि त्याच्या जागी 'सार्वजनिक हितासाठी सार्वजनिक पैसा' या तत्त्वावर नव्या योजना आल्या : कुंपणे राखा, माती राखा, पाखरे राखा. तत्त्व चांगले आहे. पण जुने पैसे ठरल्या तारखेला कापले गेले, नव्या योजना मात्र रखडत आल्या, आणि राखून ठेवलेली रक्कमही पुरती खर्च झाली नाही. वचन रकमेचे होते. ती कोणाच्या हाती केव्हा पडेल, याचे नव्हते.

दुसऱ्या वचनाची हकीकत अधिक स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार जून २०२१ मध्ये तत्त्वतः ठरला, तेव्हा व्यापारखाते श्रीमती ट्रस यांच्याकडे होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्यावर सह्या झाल्या आणि ३१ मे २०२३ पासून तो अमलात आला. त्यानुसार पहिल्याच वर्षी ३५,००० टन गोमांस जकातीशिवाय येऊ शकेल, दहाव्या वर्षी १,१०,००० टन. मेंढीचे मांस २५,००० टनांपासून ७५,००० टनांपर्यंत. आणि पंधरा वर्षांनंतर कसलीही मर्यादा नाही. ऑस्ट्रेलियातील एकेक कुरण इंग्लंडच्या एखाद्या कौंटीएवढे असते. त्याच्याशी वेल्सच्या डोंगरावरील दोनशे मेंढ्यांच्या धन्याने स्पर्धा करावयाची. या मोबदल्यात देशाला काय मिळणार होते? सरकारच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नात ०.०८ टक्का वाढ. अन्नाचा दर्जा जपा, अशा अर्जावर २०२० साली शेतकरी संघाने दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या होत्या.

याहून उद्बोधक भाग पुढे आहे. करार झाला तेव्हा शेतीखात्याचे मंत्री जॉर्ज यूस्टिस होते. ते स्वतः शेतकरी कुटुंबातील. नोव्हेंबर २०२२ मध्ये, मंत्रिपद गेल्यानंतर, त्यांनी पार्लमेंटमध्ये उभे राहून सांगितले की, हा करार वास्तविक फारसा चांगला नाही. आपण फार दिले आणि फार थोडे घेतले. मंत्री असताना त्यांना हे बोलता आले नाही. मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीचा संकेत मला माहीत आहे. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत शेतकऱ्याच्या बाजूचे वजन का पडले नाही, याचे उत्तर या संकेतात नाही. ते १८५२ सालच्या उत्तरात आहे. व्यापारमंत्र्यांना दाखविण्यासाठी करार हवा होता. शेतकऱ्याच्या मताची भीती कोणाला नव्हती, कारण ते मत आधीच पेटीत पडलेले होते. जाणार कोठे?

२०२४ साली ते गेले. एका ठिकाणी नव्हे, चहूकडे. कोणी लिबरल डेमोक्रॅटांकडे, कोणी रिफॉर्म पक्षाकडे, कोणी घरीच बसले. आणि त्यानंतर जे झाले ते माझ्या मते सर्वांत शिकण्याजोगे आहे. सत्तेवर आलेल्या मजूर सरकारने ३० ऑक्टोबर २०२४ च्या अंदाजपत्रकात शेतजमिनीवरील वारसाकराची जुनी सूट तोडली. एप्रिल २०२६ पासून दहा लाख पौंडांच्या वरील मालमत्तेवर वीस टक्के कर बसेल, असे जाहीर केले. कागदावर लक्षाधीश पण हातात रोकड नाही, अशी तेथील पुष्कळ शेतकऱ्यांची स्थिती असते. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांनी लंडनमध्ये प्रचंड निदर्शने केली. पुढे वर्षभर ट्रॅक्टर राजधानीत येत राहिले. या वेळी मात्र सरकारी पक्षाच्या बाकांवर ग्रामीण जागा प्रथमच जिंकून आलेले सभासद बसले होते, आणि त्या जागा टिकणार की नाही याची त्यांना झोप येत नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये उत्तरेकडील पेनरिथ व सॉल्वे येथील मजूर सभासदाने या कराच्या ठरावाविरुद्ध मत दिले. पक्षाने त्याला निलंबित केले. त्याच महिन्यात नाताळच्या तोंडावर सरकारने करमुक्त मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाख पौंडांवर नेली.

हा कर न्याय्य होता की अन्याय्य, यावर येथे दुमत होऊ शकेल. जमिनीचा संचय करणाऱ्या धनिकांकडून कर घेणे मला मुळीच वावगे वाटत नाही. मी फक्त दोन घटना शेजारी ठेवतो. आपल्या स्वतःच्या पक्षाकडून, तो पक्ष आपला असताना, शेतकऱ्याला ऑस्ट्रेलियाच्या करारातील एक टनही कमी करून घेता आला नाही. परक्या पक्षाकडून, त्या पक्षाला त्याच्या मताची भीती असताना, चौदा महिन्यांत मर्यादा अडीचपट झाली.

येथे थांबलो तर आपण सर्व जण समाधानाने घरी जाऊ. परंतु या हकीकतीत आणखी एक माणूस आहे. मघाशी तो जोसेफ आर्चच्या रूपाने क्षणभर दिसला आणि नाहीसा झाला.

१९७६ साली कुळाला वारसाहक्क मिळाला असे मी सांगितले. त्याच वर्षी दुसरा एक कायदा झाला. धन्याने दिलेल्या घरात राहणाऱ्या शेतमजुराला, काम सुटताच त्या घरातून बायकामुलांसह बाहेर काढता येणार नाही, असा तो कायदा होता. आपल्या वारसाहक्काचे स्वागत करणाऱ्या शेतकरी संघाने मजुराच्या या घरहक्काला विरोध केला. १९९३ साली हुजूर सरकारने इतर धंद्यांतील वेतनमंडळे मोडली, तरी शेतीचे वेतनमंडळ टिकले. ते २०१३ साली मोडले गेले, आणि त्या वेळी शेतकरी संघाने त्या निर्णयाला पाठिंबा दिला. देशात सर्वसाधारण किमान वेतनाचा कायदा आहेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आहे, हे खरे. परंतु वेतनमंडळ केवळ किमान दर ठरवीत नव्हते. कुशल मजुराची श्रेणी, जादा कामाचा दर, आजारपणाचा पगार, कुत्रा बाळगणाऱ्या मेंढपाळाचा भत्तासुद्धा ते ठरवीत असे. ते सर्व इंग्लंडमध्ये एका कलमाने संपले. ज्या शेतकऱ्याला १८७५ साली 'कराराने सूट' या शब्दांनी लुबाडले होते, त्याच्याच नातवंडांनी २०१३ साली मजुराला सांगितले की, तुझे तू करार करून घे.

वेल्सच्या कायदेमंडळाने मात्र २०१४ साली आपला स्वतंत्र कायदा करून ते नियमन राखले. लंडनच्या सरकारने तो अधिकारकक्षेबाहेर आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयात नेला. हा शेतीविषयक कायदा आहे की नोकरीविषयक, असा मुद्दा होता. शेतीचा अधिकार वेल्सला दिलेला होता, नोकरीचा नव्हता. न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये निर्णय दिला की, शेतात काम करणाऱ्याचे वेतन हा शेतीचाच विषय आहे. वकिलांनी हा निर्णय अवश्य वाचावा. शेती म्हणजे नुसती जमीन, पीक आणि मालक नव्हे. तीत राबणारा माणूसही येतो, हे सांगावयाला सर्वोच्च न्यायालय लागले.

आज इंग्लंडची स्ट्रॉबेरी आणि सफरचंदे कोण तोडतो? युरोपातून येणारे मजूर कमी होऊ लागल्यावर हंगामी परवान्याची योजना निघाली. २०१९ साली ती २,५०० माणसांची होती. २०२३ साली तिचा आकडा ४५,००० च्या घरात गेला. ते किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, इंडोनेशिया आणि नेपाळ येथून येतात, सहा महिने राहतात आणि परत जातात. त्यांपैकी कित्येकांनी येण्यासाठी गावात कर्ज काढलेले असते. त्यांना तेथे मत नाही. रागावून दुसऱ्या पक्षाकडे जाण्याची सोय त्यांना नाही, आणि ट्रॅक्टर घेऊन लंडनला जाणाऱ्या मिरवणुकीत त्यांच्यापैकी कोणाचा फलक असल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

शेतकरी संघाने आज सर्व पक्षांकडे मागण्यांची यादी पाठविण्याचा परिपाठ ठेवला आहे. त्या यादीत हंगामी मजुरांचे परवाने पुरेसे आणि वेळेवर मिळावेत, अशी मागणी असते. वेतनमंडळाची नसते.